मेंढीच्या खुराचं पातं: पहिला शीप्सफूट चाकू घेताना काय बघायचं आणि कुठे फसायला होतं

आधीच सांगतो, काळं पातं, मुठीवर कवटी आणि नाव काहीतरी 'टॅक्टिकल', असल्या चाकूंसाठी हा लेख नाही. खिशात मावणारा, घडी होणारा, सुपारी कातरायला, पार्सल उघडायला, दोरी कापायला आणि दुपारी पोर्चात बसून कैरीच्या फोडी करायला लागणारा साधा चाकू ज्यांना हवाय त्यांच्यासाठी आहे. त्यातही एकाच आकाराच्या पात्याबद्दल, कारण मी त्या पात्याच्या प्रेमात आहे आणि ते मिळवताना माझे पैसे तीनदा पाण्यात गेलेत.

आम्ही म्हापशाला राहायचो तेव्हा शेजारी एक अंकल होते, जुने तारवटी, सगळी उमर बोटीवर गेलेली. रिटायर होऊनही खिशात चाकू कायम. लाकडी मूठ, एका बाजूला जाड पातं, दुसऱ्या बाजूला दोरीची गाठ सोडवायचा लोखंडी दाभण. पातं बघून मला हसू आलं होतं, कारण त्याला टोकच नव्हतं, कोणीतरी कापून टाकल्यासारखं. मी विचारलं, मोडलं काय हो? तर म्हणाले, "मोडूंक ना रे. टोंक आसल्यार कोणाक तरी लागता." हलत्या डेकवर दोन हातांनी दोरी धरायची, बोट एकदम कलली की हातातला चाकू बाजूच्याच्या मांडीत, म्हणून खलाशांचा चाकू बोथट नाकाचा. हे मला कळायला बरीच वर्षं गेली. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की त्या विचित्र चाकूने ते सुंभाची दोरी एका ओढीत कापत होते आणि आमच्या घरातली सुरी ती नुसती कुरतडत बसायची.

१. आधी पातं ओळखायला शिका

ही पायरी सोडू नका. माझी पहिली चूक इथलीच.

चाकूच्या पात्याला दोन कडा असतात, खालची धार आणि वरची पाठ. बहुतेक चाकूंची धार पुढे जाऊन वर वळते, त्या फुगवट्याला पोट म्हणतात. शीप्सफूटला पोट नाही. धार मुठीपासून शेवटपर्यंत पट्टीसारखी सरळ, आणि पाठ सरळ जात जात शेवटी एकदम गोल होऊन खाली धारेला येऊन भिडते. बाजूने बघितलं तर मेंढीच्या खुरासारखं दिसतं, नाव तिथूनच आलं. मेंढ्यांची वाढलेली खुरं कापायला हेच पातं वापरायचे असंही सांगतात.

आता याची दोन भावंडं आहेत आणि विकणारे तिघांची नावं सर्रास एकमेकांना चिकटवतात.

वॉर्नक्लिफ: धार तशीच सरळ, पण पाठ एकदम न पडता बऱ्याच मागून हळूहळू उतरत येते, त्यामुळे टोक बारीक आणि अणकुचीदार. हे नाव इंग्लंडच्या लॉर्ड वॉर्नक्लिफवरून आलं, त्यांना ही पदवी १८२६ मध्ये मिळाली. गोष्ट अशी सांगतात की रात्रीच्या जेवणानंतर ते आपल्या एका पाद्री नातेवाइकाबरोबर गप्पा मारत बसले होते, चांगला खिशातला चाकू मिळत नाही म्हणून दोघांनी कुरकुर केली, मग स्वतःच आकार ठरवला आणि शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सला बनवायला दिला. खरीखोटी देव जाणे, पण जेवण झाल्यावर चाकूवर गप्पा मारणारे दोन म्हातारे मला पटतात.

लॅम्ब्सफूट: दोघांच्या मधलं. पाठ मुठीपासूनच थोडी थोडी उतरत येते आणि पुढे छोटासा तिरपा काप, म्हणजे पातं टोकाकडे निमुळतं पण नाक बोथटच. हे पक्कं शेफील्डचं बाळ आहे, तिथे ए. राइट अँड सन अजून बनवतात.

ओळखायची सोपी युक्ती: धार तिघांची सरळच, म्हणून धारेकडे बघूच नका, पाठीकडे बघा. पाठ कड्यावरून उडी मारल्यासारखी पडली तर शीप्सफूट, घाटासारखी उतरत आली तर वॉर्नक्लिफ. मी पहिला चाकू नुसतं 'शीप्सफूट' लिहिलेलं वाचून मागवला आणि आला तो सुईसारख्या टोकाचा वॉर्नक्लिफ. चाकू चांगला होता, पण पहिल्याच आठवड्यात पॅंटच्या खिशाला भोक पडलं कारण त्याचं टोक मिटल्यावरसुद्धा मुठीच्या वर किंचित डोकावत होतं.

२. तुमचं काम काय आहे ते स्वतःला खरंखरं सांगा

सरळ धारेचा फायदा लाकडी पाटावर ठेवली की लगेच कळतो. सगळी धार एका वेळी टेकते. त्यामुळे मिरची, लसूण, पावाचा तुकडा, चामड्याची पट्टी, कागद, सगळं टोकापर्यंत तुटतं, शेवटचा धागा लोंबकळत राहात नाही. आणि ओढून कापताना, समजा नायलॉनची दोरी, पोट असलेल्या पात्यावरून दोरी पुढे घसरून निसटते, सरळ धारेवरून तशी निसटत नाही, टोकापर्यंत जोर तेवढाच राहातो. जुने खलाशी तर दोरी लाकडावर ठेवून त्यावर पातं टेकवायचे आणि पाठीवर मोगरी हाणायचे, म्हणून त्या चाकूंची पाठ चांगली जाड.

दुसरं म्हणजे पार्सल. टोक नसल्यामुळे खोक्यात चाकू खुपसला जात नाही, फक्त टेप कापला जातो. मी एकदा टोकवाल्या चाकूने खोकं उघडताना आतला नवा शर्ट उभा चिरलाय.

तिसरं, लोक. खिशातून टोकवाला चाकू काढला की समोरचा अर्धं पाऊल मागे सरतो. शीप्सफूट काढला की विचारतो, हे काय, मोडलंय काय. गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे बसमध्ये शेजारी तुमच्या मावशीची नणंद बसलेली असते, तिथे हा फायदा छोटा नाही.

आता तोटे. बांगडा साफ करायला हे पातं अगदीच निरुपयोगी, पोट फाडायला टोक लागतं. आमच्याकडे मासळी आदोळीवरच (विळीवर) कापली जाते म्हणून मला फरक पडत नाही, पण गळ टाकून मासे धरायला जात असाल आणि तिथेच साफ करणार असाल तर वॉर्नक्लिफही नको, सरळ क्लिप पॉइंट (पाठ पुढे कापल्यासारखी, टोक अणकुचीदार) घ्या. लोणी लावायला पण बेकार. आणि फणस? फणसाला कुठलाच खिशातला चाकू नाही, तिथे कोयताच.

३. स्टील निवडताना जून महिना आठवा

बाहेरचे लोक कार्बन स्टीलचं भरपूर कौतुक करतात आणि ते खरंही आहे. दगडावर भराभर धार घेतं, आणि वापरून वापरून पात्यावर निळसर करडी छटा येते, तिला पॅटिना म्हणतात. १०९५ नावाच्या स्टीलमध्ये साधारण ०.९५ टक्के कार्बन असतो आणि गंजाला अडवणारं क्रोमियम जवळजवळ नाहीच. आता हे स्टील घेऊन जुलैमध्ये कळंगुटला फिरायला जा. संध्याकाळी परत येईपर्यंत केशरी ठिपके दिसायला लागतात, मी थट्टा करत नाही.

म्हणून पहिला चाकू स्टेनलेस घ्या, हे माझं स्पष्ट मत. ४२० एचसी किंवा ४४० ए असलं काही लिहिलेलं असलं तर पुरे. ही काही भारी स्टीलं नाहीत, आणि चाकूवेडे लोक त्यांना नाकं मुरडतात, पण तुम्हाला पहिल्या वर्षी धार लावायला शिकायचंय, गंजाशी लढायला नाही.

आणि तरीही कार्बनच हवं असेल (हवंच असणार, मला पण हवं होतं) तर पॅटिना करायला इंटरनेटवरचे व्हिनेगर, मोहरी असले उपाय शोधू नका, आपल्याकडे झाडावर लागतात. एप्रिल-मेमध्ये कैरी कापा, बिंबली कापा, भिरंडं (कोकमाची फळं) फोडा. कापून झालं की पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मग धुवून कोरडं करायचं. माझ्या पात्यावरचा जांभळट डाग भिरंडांचा आहे आणि तो मला कुठल्याही डिझाइनपेक्षा आवडतो. काजूची बोंडं पण चालतात, फक्त बीच्या टरफलातला चीक पात्याला आणि बोटांना दोन्हीला लावून घेऊ नका, बोटं सोलवटतात. एक फरक मात्र ओळखा: निळा, करडा, काळा डाग म्हणजे पॅटिना, तो राहू द्या. केशरी किंवा लालसर म्हणजे गंज, तो त्याच दिवशी काढा.

आंबटापेक्षा मीठ वाईट. खारी-सुकी मासळी, समुद्राचं पाणी, यातलं काहीही लागलं तर गोड्या पाण्याने लगेच धुवा.

४. कायदा आणि कागद

यावर व्हॉट्सअॅपवर इतका मूर्खपणा फिरतो की वेगळी पायरी करावी लागली.

आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर तो शस्त्रांच्या यादीत येतो, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं सोडून. आपला खिशातला चाकू अडीच-तीन इंचांचा, त्यामुळे तो या मापाच्या जवळपासही नाही. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका:

- बटण दाबल्यावर स्प्रिंगने उघडणारा चाकू घेऊ नका. दिल्लीत बटणदार चाकूंवर वेगळा निर्बंध आहे, आणि बाकीकडेही पोलिसांसमोर त्याचं समर्थन करणं अवघड. आपल्याला हवा तो नखाने उघडायचा.
- निवडणूक किंवा तणावाच्या काळात जिल्हाधिकारी हत्यारं बाळगायला मनाई करणारा आदेश काढतात. त्या दिवसांत चाकू घरी.
- कोर्ट, शाळा, राजकीय सभा, जत्रेतली गर्दी, आणि पिऊन बसलेल्या मित्रांची पार्टी, इथे कधीच नाही. शेवटचं कायद्यात नाही, माझ्याकडून.
- विमानाच्या केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इन बॅगेत टाका. मी एकदा किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला छोटा चाकू विसरलो होतो, चूक पूर्ण माझी, तो तिथल्या पेटीत टाकून पुढे जावं लागलं. मला सोडायला आलेला भाऊ तेव्हा पार्किंगमधून निघूनही गेला होता. म्हणजे काय, निघायच्या आधी घरीच खिसे रिकामे करा.

कागदांत तीनच गोष्टी सांभाळा: खरेदीचं बिल ज्यावर 'फोल्डिंग पॉकेट नाइफ' असं लिहिलंय, मॉडेल आणि पात्याची लांबी दाखवणारं पान किंवा डब्यावरचं लेबल, आणि बाहेरून मागवला असेल तर ड्युटी भरल्याची पावती. तिन्हींचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

आणि एक मोठा सापळा जो बाहेरचे लेख सांगणार नाहीत. जुने शेफील्डचे चाकू बघायला लागलात की मुठीला 'स्टॅग' असा शब्द दिसेल. त्यातलं बरंचसं स्टॅग म्हणजे आपल्या सांबराचं शिंग, एकेकाळी इथूनच जहाजं भरून तिकडे जायचं. आता वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली सांबराच्या शिंगाचा व्यापार बेकायदा आहे, हस्तिदंताचा तर आहेच. मोलेच्या जंगलात जो प्राणी संध्याकाळी रस्ता ओलांडताना दिसतो त्याचं शिंग मुठीला लावून मिरवायचं, आणि वर वनखात्याचं लफडं ओढवून घ्यायचं, कशाला? लाकूड, हाड (गुराढोरांचं, त्यावर खोदून नक्षी करतात), मायकार्टा (राळेत दाबलेलं कापड), डेलरिन (कडक प्लास्टिक), पर्याय भरपूर आहेत.

५. कुठे मिळेल

इथल्या बाजारात शीप्सफूट मिळणार नाही, हे आधीच सांगतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मे महिन्यात पुरुमेंताच्या फेस्ताला (पावसाळ्याच्या बेगमीच्या बाजाराला) लोखंडी सामान घेऊन बसलेले असतात, तिथे कोयते, आदोळ्या, सुऱ्या, खुरपी सगळं बघा, हातात घ्या, त्यातून चांगलं लोखंड कसं वाटतं ते कळतं. पण घडीचा जो चाकू तिथे मिळतो त्याचं पातं बहुतेक वेळा पत्र्याचं. माझा दुसरा फसलेला चाकू असाच जत्रेतला, दीडशे रुपयांचा, नारळाची करवंटी खरवडताना पातं वाकलं आणि वाकलेलंच राहिलं.

ऑनलाइन बघताना फक्त 'शीप्सफूट' शोधत बसलात तर फार थोडं सापडेल, कारण हे पातं बहुतेक वेळा दुसऱ्यांबरोबर लपलेलं असतं. 'स्टॉकमन' नावाचा तीन पात्यांचा नमुना शोधा: त्यात लांब क्लिप, छोटं बोथट स्पे (जनावरांच्या खच्चीकरणासाठी बनलेलं पातं, पार्टीत सांगायला बरं) आणि तिसरं शीप्सफूट. बक कंपनीचा ३०१ स्टॉकमन असाच आहे, पेनसिल्व्हेनियाच्या केस कंपनीचे स्टॉकमनही. 'काँग्रेस' नावाच्या नमुन्यातही सहसा शीप्सफूट असतं, आणि आपल्याकडे त्या नावावरून लोक हसतात ते वेगळंच. स्वस्तात सुरुवात करायची असेल तर चिनी बनावटीचा रफ रायडर वाईट नाही. व्हिक्टोरिनॉक्सच्या अॅलॉक्स इलेक्ट्रिशियन मॉडेलमध्ये वायर सोलायचं जे छोटं पातं असतं ते याच घराण्यातलं, आणि गंमत म्हणजे ज्यांच्याकडे तो आहे ते मोठं पातं सोडून तेच जास्त वापरतात.

परदेशातून मागवत असाल तर ड्युटी धरून हिशोब करा, आणि पार्सल कस्टम्सला थांबू शकतं हे मनाशी ठेवा. चाकूच्या किमतीएवढाच खर्च वर होणार असेल तर सोडून द्या.

६. हातात आल्यावर तपासा, बिल फाडायच्या आधी

हे चाकू स्लिपजॉइंट असतात, म्हणजे लॉक नाही. मुठीच्या पाठीला एक लांब स्प्रिंग असते, तिच्या दाबावर पातं उघडं राहातं आणि मिटलेलंही. चाकूवेड्यांची अर्धी चर्चा याच स्प्रिंगवर चालते. उघडताना आणि मिटताना जो 'टक्' आवाज येतो त्याला ते पातं चालतं आणि बोलतं असं म्हणतात. हसू नका, एकदा चांगला चाकू हातात आला की तुम्ही पण टीव्ही बघताना दिवसभर टक् टक् करत बसाल आणि घरचे शिव्या देतील.

एकेक करून बघा.

मिटलेल्या चाकूला बाजूने बघा. टोक मुठीच्या आत पूर्ण बुडालंय का? बोट फिरवा, खरखर लागली तर परत करा. माझ्या खिशाचं भोक आठवा.

वरून बघा, पातं दोन पट्ट्यांच्या मधोमध बसलंय की एका बाजूला घासतंय. तीन पात्यांच्या चाकूत थोडं घासणं चालतं, एका पात्याच्या चाकूत अजिबात चालत नाही.

उघडा. पात्यावर नखासाठी खाच असते. पातं ओढायला नख मोडायची पाळी येत असेल तर स्प्रिंग फार कडक, आणि बोटाने नुसतं ढकलल्यावर मिटत असेल तर फार सैल. दोन्हींत कडकच बरी, वापरून ती जराशी नरम होते, सैल मात्र सैलच राहाते.

उघडल्यावर पातं अंगठा-बोटात धरून डावी-उजवीकडे हलवा, मग वर-खाली. केसभर हलणंही नको. माझा तिसरा फसलेला चाकू इथे नापास होता. विकणाऱ्याने सांगितलं 'थोडं वापरून सेट होईल', आणि मी विश्वास ठेवला, आणि सहा महिन्यांत तो खुळखुळा झाला. सेट होत नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सरळ धार खरंच सरळ आहे का. स्टीलची फूटपट्टी धारेला हळूच टेकवा आणि खिडकीकडे धरून बघा. मधून उजेड आला तर धार मध्ये खचलेली आहे. कारखान्यात घाईघाईने घासताना मुठीजवळ जास्त घासलं जातं. असा चाकू पाटावर टेकवलात की मधला भाग हवेत राहाणार, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच गेलं.

७. पहिली आंघोळ

नव्या चाकूच्या सांध्यात कारखान्याची काळी भुकटी असते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, चाकू बुडवून पन्नासेक वेळा उघड-मीट करा, पाणी काळं होईल. मग स्वच्छ पाणी, मग फडकं, मग हेअर ड्रायर, मग सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. झालं.

मिटताना बोटं मुठीच्या खाचेत नकोत. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताच्या तळव्याने पाठीवरून दाबायचं. आणि कधीही पुढे टोचायला जाऊ नका, लॉक नाही म्हटलं ना, उलटा दाब आला की पातं बोटांवर मिटतं. बोथट नाकामुळे टोचायचा मोह कमी होतो हेही या पात्याचं पुण्य.

८. धार लावणे

नव्या माणसाने शीप्सफूटपासून सुरुवात करावी असं मी म्हणतो त्याचं खरं कारण इथे आहे. पोट असलेल्या पात्यावर धार लावताना पुढे जाता जाता मनगट उचलावं लागतं, कोन बदलतो, आणि शिकणाऱ्याचं टोक हमखास बोथट राहातं. सरळ धारेला हे काही नाही. दगडावर एकदा कोन धरला की मागून पुढे तसाच न्यायचा. एखादी गोष्ट चुकली तर नेमकी कुठे चुकली ते दिसतं.

लागणाऱ्या वस्तू:

- दोन बाजूंचा दगड. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा कार्बोरंडमचा चालेल, पैसे असतील तर ४०० आणि १००० ग्रिटचा जोडदगड (ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक)
- सपाट लादी किंवा काच आणि पाण्याचा सँडपेपर, दगड सपाट करायला
- एक रुपयाची दोन नाणी
- काळा मार्कर
- जुना चामड्याचा पट्टा
- पाणी, फडकं, आणि तासभर कोणी हाक मारणार नाही अशी दुपार

दगड आधी सपाट करा. वापरलेला दगड मध्ये खोलगट झालेला असतो आणि त्यावर सरळ धार घासली की ती केळ्यासारखी वाकडी होते. किचनच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ओला सँडपेपर ठेवून दगड त्यावर घासा. नंतर ओटा आधी तुम्हीच पुसा.

कोनासाठी नाणी. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण ३ मिलिमीटर उंची होते. पातं १२ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ तेवढी उचलल्यावर १५ अंशांच्या आसपास कोन मिळतो, जो अशा चाकूला छान. नाणी पाठीखाली ठेवून उंची नजरेत भरा, मग काढून घ्या, आणि हाताला ती उंची लक्षात राहील असं बघा. धारेच्या कडेला मार्करने काळं करा, चार हात मारा, बघा काळं कुठून गेलं. फक्त वरच्या, पाठीकडच्या भागावरून गेलं तर पाठ जास्त खाली आहे, फक्त अगदी कडेवरून गेलं तर जास्त उचलली आहे.

एका बाजूने घासत राहा जोपर्यंत दुसऱ्या बाजूला कडेवर बारीक खरखर बोटाला लागत नाही. बोट धारेवरून फिरवायचं नाही, पाठीकडून धारेकडे, बाहेर. ती खरखर म्हणजे धातूची मुरड, सगळ्या लांबीभर आली की बाजू बदला. मग जोर कमी करत करत दोन्ही बाजूंना आळीपाळीने, शेवटी चामड्यावर उलट्या दिशेने दहा-पंधरा वेळा. वर्तमानपत्राचा कागद धरून कापा, मुठीपासून टोकापर्यंत कुठे अडकलं ती जागा परत घ्या.

इथला सापळा: सगळे मधल्या भागावर जास्त जोर देतात, कारण बोटं तिथे असतात. वर्षभराने धारेला मध्ये खड्डा पडतो. बोटं फिरवत राहा, आणि मुठीजवळचा कोपरा विसरू नका.

आणि रस्त्यावर पॅडल मारून चाक फिरवणाऱ्याकडे हा चाकू देऊ नका. घरच्या सुऱ्या खुशाल द्या. मी एकदा दिला होता, पावसाच्या आधी घाईत. त्या बिचाऱ्याला वाटलं नाक मोडलंय, त्याने प्रेमाने घासून घासून छान टोक काढून दिलं आणि वीस रुपये घेतले. मी त्याला काय बोलणार, मी पण लहानपणी तेच समजलो होतो.

मध्ये मध्ये धार ताजी करायची तर चहाचा कप उलटा करा, तळाची न चकाकणारी खरखरीत कड असते, त्यावर हलक्या हाताने पाच-सहा वेळा.

९. पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर कार्बनचा चाकू रोज वापरात नसेल तर असा ठेवा. धुवून पूर्ण कोरडा करा, पात्याला लिक्विड पॅराफिनचा पातळ हात, ते औषधाच्या दुकानात मिळतं आणि खाण्याचं कापलं तरी चालतं. खोबरेल लावू नका, आमच्या आजीपासून सगळे तेच सांगतात, पण दोन महिन्यांत ते चिकट होतं, खवट वास मारतं आणि सांध्यात बसून स्प्रिंग जड करतं. मशीनचं तेल फक्त सांध्याला, पात्याला नाही.

चामड्याच्या कव्हरात ठेवू नका. दिसायला छान, पण चामडं हवेतली ओल पितं आणि पात्याला चिकटवून ठेवतं. सुती फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातून निघालेल्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. दर रविवारी डबा उघडून बघायचं. केशरी ठिपका दिसला तर तेलाचा थेंब टाकून चोळा, नाही गेला तर अगदी बारीक स्टीलवूल, धारेला समांतर, गोल गोल नाही.

स्टेनलेसवाल्यांनी पण फार माजू नये. पातं टिकतं, पण आतली स्प्रिंग आणि खिळे प्रत्येक चाकूत स्टेनलेस असतातच असं नाही. उघडताना पहिल्यासारखा टक् न येता करकर आली तर सातव्या पायरीवर परत जा.